समोर सून, मागे सासरा

आमच्याकडे चार-पाच दिवस न थांबता पडणाऱ्या पावसाला झड म्हणतात. या पावसाला ना राग असतो ना घाई. तो नुसता पडत राहतो. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, भिंतीला हात लावावा तर ओला होतो आणि घरातली माणसं एकमेकांवर उगाच खेकसायला लागतात. मग एका सकाळी ढग फाटतात आणि लख्ख ऊन पडतं. ती उघाड. उघाड पडली की गावातल्या प्रत्येक घरातून काहीतरी बाहेर निघतं. गोधड्या निघतात, सुपातला गहू निघतो, म्हातारी माणसं बाजेसकट निघतात. आमच्या घरातून माझे सासरे निघायचे, साप पाहायला.

पकडायला नव्हे आणि मारायला तर मुळीच नव्हे, फक्त पाहायला. हे आधीच सांगून टाकते, कारण माहेरी नागपूरला ही गोष्ट कळली तेव्हा माझ्या आईने आठवडाभर फोनवर एकच प्रश्न लावून धरला होता. स्थळ पाहायला गेलो तेव्हा हे कोणी बोललं कसं नाही?

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. आमच्या भागात तशीच रीत आहे. ते पोस्टमन होते. वडनेरच्या आजूबाजूच्या सात-आठ गावांत त्यांनी तीस वर्षं टपाल वाटलं, आधी पायी आणि मग सायकलवर. पावसाळ्यात सायकल खांद्यावर आणि थैली डोक्यावर घेऊन पांदणीनं चालायचं. पांदण म्हणजे शेताशेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट, पावसाळ्यात निव्वळ काळा चिखल. त्या वाटांवर त्यांना माणसांपेक्षा साप जास्त भेटले असं ते सांगायचे, आणि दोघांत साप बरे असंही म्हणायचे. "साप मले कधी असं बोलला नाई, का मायं पत्र काऊन नाई आलं म्हणून."

मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन या गावात आले तेव्हा साप मला पुस्तकातल्या चित्रापुरता माहीत होता. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीत हिरवट असं काहीतरी वळवळलं आणि मी ओल्या केसांनी अंगणात येऊन कपडे धुवायच्या दगडावर चढले. उतरायला तयारच नव्हते. सासूबाई पोट धरून हसत होत्या. मामाजी आत गेले, पाहून आले आणि शांतपणे म्हणाले, "गवत्या आहे. तुयापेक्षा थोच जास्त भेला." त्यानंतरच्या उघाडीला काठी घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. "चाल मास्तरीणबाई. पुस्तकातले पाह्यले, आता खरे पाह्य."

सासूबाई म्हणाल्या, "सुनेले कोणी असं रानोमाळ फिरवते का?" नवरा हिंगणघाटच्या एका ऑफिसात कारकून आहे. तो डबा घेऊन बसला निघाला होता. त्याने माझ्याकडे पाहून नुसते खांदे उडवले. मी भीत भीत निघाले ती पुढे पंधरा पावसाळे त्यांच्यासोबत जात राहिले.

मामाजींचे काही नियम होते. उघाड पडली की लगेच पळायचं नाही, ऊन चांगलं वर येऊ द्यायचं. झडीत बिळं पाण्याने भरतात, सापांची अंगं गारठतात आणि मग जे आधी वाळतं तिथे ते येऊन पडतात. शेताचा धुरा, म्हणजे बांध, आधी वाळतो. जळणासाठी रचलेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग वाळतो. डांबरी सडकेची कड तापते. या तीन जागा पाहायच्या. साळुंक्या एकाच जागी जमून कलकलाट करत असतील तर तिथे पाय थांबवायचा. आणि तोंडाने साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. मी विज्ञानाची बाई, मी लगेच वाद घातला, की मामाजी, त्याला तर आपलं बोलणं कळत नाही. ते म्हणाले, "त्याले नाई कळत. वावरातल्या लोकायले कळते. थे काठ्या घेऊन धावतेत."

चालायची पण रीत होती. ते पुढे, मी चार पावलं मागे, डोक्यावर पदर. आमच्या गावात सून सासऱ्याच्या पुढे चालत नाही. असं कोणी कोणाला शिकवत नाही, ते आपलं असतंच. मला त्याचं काही वाटलंही नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. साप आधी भेटला तर पुढच्या माणसाला भेटणार होता.

कुठे सळसळ झाली, साळुंकी ओरडली, की मामाजी थांबायचे. काठी आडवी धरायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "सांग. काय दिसते?"

मी त्यांच्या खांद्याआडून पाहायची. "लांब आहे मामाजी. पिवळसर. डोळे मोठे आहेत."

"शेपटीकडं?"

"शेपटीकडे काळ्या रेघा आहेत."

"धामण. जाऊ दे तिले तिच्या कामानं."

आधी सगळं नीट पाहायला लावायचं आणि उत्तर अगदी शेवटी सांगायचं, ही शिकवण्याची पद्धत मला इतकी आवडली की मी ती वर्गात वापरायला लागले. मुलांना पान दाखवायचं आणि म्हणायचं, सांगा काय दिसतं. पोस्टमन माणूस, पण हाडाचा मास्तर, असं मी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगायची. अशी मी धामण शिकले, दिवड शिकले, कवड्या शिकले, फणा न काढलेला नाग ओळखायला शिकले. परडही शिकले. पुस्तकात जिला घोणस म्हणतात तिला आमच्याकडे परड म्हणतात. मामाजी खरे भ्यायचे ते तिलाच. "नाग उठून उभा तरी राह्यते," ते म्हणायचे. "परड वाळल्या पाचोळ्यात पडून राह्यते. मांगून सांगते, मी अथी होती म्हणून."

एका उघाडीला नाल्याकाठी दोन धामणी एकमेकींना विळखा घालून माणसाच्या कमरेइतक्या उठलेल्या आम्ही पाहिल्या. पडत होत्या, परत उठत होत्या. आम्ही अर्धा तास तिथे उभे होतो. मला शाळेला उशीर झाला आणि हेडमास्तरांना काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी बस चुकली असं सांगितलं. शाळा घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

असं सगळं छान चाललं होतं. मग एका श्रावणात शेजारचे काका मोबाईल घेऊन आले. त्यांच्या गोठ्यात साप शिरला होता आणि त्यांनी लांबून फोटो काढला होता. मामाजींनी मोबाईल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाले, "धामण आहे. राहू दे, उंदरं खाईन." मी चहा घेऊन आले होते. फोटोवर नजर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "नाही हो मामाजी, नाग आहे हा. मानेवरची खूण पाहा ना."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामाजींकडे, आणि चहा तसाच ठेवून ते गोठ्याकडे पळाले. मामाजी हसले. "पोस्टमनपेक्षा मास्तरीण शिकली," असं म्हणाले. पण त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली तरी त्यांनी तो उचलला नाही. माझं बरोबर होतं आणि तरी मीच काहीतरी पाप केल्यासारखी ट्रे घेऊन उभी होते. आमच्या घरात सुनेचं बरोबर असायला मनाई नाही. ते कोणासमोर असावं याला मात्र नियम आहे.

दुसऱ्या दिवशी उघाड पडली. मामाजी मला न बोलावता निघाले. मीही हट्टाने मागे निघाले. ते भराभर पुढे चालत होते. साळुंक्या ओरडल्या तरी थांबले नाहीत. सळसळ झाली तरी काही विचारलं नाही. रुसलेत तर रुसू देत, मी मनात म्हटलं. नाल्याच्या अलीकडे पांदणीच्या कडेला त्यांचं पाऊल थबकलं आणि ते स्वतःशीच बोलले, "कोणाचा कासरा पडला वाटते." बैलाचा दोर वाटेत पडलेला दिसला तर शेतकरी माणूस तो उचलल्याशिवाय पुढे जात नाही. ज्याचा असेल त्याला नेऊन देतो. मामाजी वाकले, हात पुढे केला, आणि ते वाकल्यावरच मला पुढचं दिसलं.

कासरा फुगला. कुकरची शिट्टी होते तसा आवाज झाला. मी मागून त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि अंगात होती नव्हती ती ताकद लावून ओढलं. आम्ही दोघेही चिखलात उताणे पडलो. परड माझ्या मनगटाहून जाड होती. तिने मान मागे घेतली, आणखी एकदा फुत्कारली आणि आम्हाला काडीची किंमत न देता सावकाश तुरीत निघून गेली.

मी मामाजींवर त्या दिवसापर्यंत कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चिखलात बसून ओरडले, "दिसत नाही का तुम्हाला?"

रागात माणूस म्हणतो ते वाक्य. त्याचं उत्तर कोणी देत नाही. मामाजींनी दिलं.

"नाई," ते म्हणाले. "उजव्यानं तर काहीच नाई. डाव्यानं धुकं पडल्यावानी दिसते."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जुळत गेली. त्यांनी पेपर वाचणं बंद केलं होतं. विचारलं तर म्हणायचे, पेपरात वाचण्यासारखं राह्यलं काय? लग्नाची पत्रिका आली की म्हणायचे, तूच वाच वो, कार्यालय कुठं आहे थे पाह्य. चहा बशीत ओतताना बोट कडेला लावून ठेवायचे. आणि पांदणीवर काठी आडवी धरून मला विचारायचे, सांग, काय दिसते? गेली तीन-चार वर्षं ते मला शिकवत नव्हते. मला खरंच विचारत होते. आणि मी, जिचे डोळे शाबूत होते ती, मान राखायला चार पावलं मागे चालत होते, आणि ज्याला दिसत नव्हतं त्या माणसाला सापांच्या वाटेत पुढे ठेवत होते.

"घरी सांगू नको," मामाजी म्हणाले. त्यांच्या मोठ्या भावाने फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. डोळा पिकला आणि गेला. ते मामाजींच्या मनात घट्ट बसलं होतं. पण खरी भीती दुसरी होती. "तुया नवऱ्याले मालूम झालं तर थो मले उद्या दवाखान्यात नेईन अन् परवापासून बाजेवर बसवीन. मंग झड उघडली काय अन् नाई उघडली काय, मले सारखंच."

मी हो म्हणाले. त्यांची दया आली म्हणून हो म्हणाले असं लिहायला मला आवडलं असतं. पण घरात मी स्वयंपाकापुरती होते, शाळेत रिपोर्ट भरण्यापुरती. पांदणीवरच्या त्या दोन तासांत मात्र सगळं माहीत असलेला एक माणूस माझ्या शब्दांवर पाऊल टाकत होता. मला ते सोडवेना. हा माझा स्वार्थ होता आणि मी तो जपला.

अट एकच घातली, की यापुढे मी समोर चालणार. मामाजी उसळलेच. "सून समोर अन् सासरा मांगं? लोक तोंडात शेण घालतीन." परड चावली तर चालेल, पण हे नाही, असाच त्यांचा सूर होता. शेवटी तडजोड झाली. गावाबाहेरच्या शेवटच्या घरापाशी एक कडुनिंब आहे. तिथपर्यंत ते पुढे. निंब ओलांडला की मी पुढे. येताना निंबापाशी थांबायचं, इकडेतिकडे पाहायचं आणि परत अदलाबदल करायची. एकदा निंदणाला निघालेल्या एका बाईने आम्हाला नेमकं त्या अदलाबदलीत गाठलं आणि विचारलं, "काय हरवलं वो?" मामाजी म्हणाले, "चप्पल." दोन्ही चपला त्यांच्या पायातच होत्या.

तो पावसाळा माझ्या संसारातला सगळ्यात सुखाचा. काठीचं पुढचं टोक माझ्या हातात असायचं, मागचं त्यांच्या. मी दिसेल ते बोलत चालायची आणि त्यांना कशाचंही नुसतं नाव सांगितलेलं चालायचं नाही. मी काळा म्हटलं की विचारायचे, "कोणता काळा? ओल्या मातीचा का तव्याचा?" मग मला थांबून नीट पाहावं लागायचं. तव्याचा, मी सांगायची. पोटाकडे पांढरा. "पांढरा म्हणजे? पिठासारखा का ताकासारखा?" साप तर सोडाच, मी ढग सांगायला शिकले, पऱ्हाटीची पाती सांगायला शिकले, समोरून येणाऱ्या माणसाची चाल सांगायला शिकले. घरी गेलं की दोघेही गप्प. सासूबाई म्हणायच्या, "काय खलबतं चालतेत तुमची पांदणीवर, देव जाणे."

मग एकदा नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे बिनकठड्याच्या बुटक्या पुलावर, त्यांचा पाय कडेबाहेर पडला आणि ते गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. धार जोरात होती. मी हात धरून वर काढलं. फारसं लागलं नाही. घरी त्यांनी सांगितलं, चप्पल घसरली. संध्याकाळी नवरा हिंगणघाटहून चांगल्या खाचांच्या नव्या चपला घेऊन आला आणि वाकून बापाच्या पायात घालून पाहू लागला. मामाजी निमूट पाय पुढे करत होते. मी भाकरी थापता थापता ते पाहिलं आणि माझी मलाच किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एकटं गाठून सांगितलं, "डॉक्टरला डोळे दाखवा, नाहीतर मी येणार नाही."

"नको येऊ," ते म्हणाले.

तेही हट्टी, मीही तापट. तीन आठवडे आम्ही कामापुरतं बोललो. घरात कोणालाच काही कळेना. मी नवऱ्याला सांगून टाकायचं दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा गिळलं. शब्द दिला होता, आणि शब्द मोडला तर मामाजी कायमचे तुटतील ही भीती होती. पाऊसही तेवढ्यात आटला होता. ती मला सूट वाटली.

गणपती गेले आणि परतताना पावसाने मोठी झड लावली. पाच दिवस. सहाव्या दिवशी उघाड पडली तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत जेवायला घरी आले तर मामाजींची बाज रिकामी आणि काठी जागेवर नव्हती.

"नऊलेच गेलते," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं तुले मालूम असन."

दीड वाजत होता. मी तशीच निघाले. निंबापर्यंत भरभर चालले, कारण लोक पाहत होते. निंब ओलांडल्यावर साडी वर खोचून पळत सुटले. चिखलात एक चप्पल रुतली, ती काढायला थांबले नाही. त्यांना पान लागलं असेल, साप चावण्याला आमच्याकडे असंच म्हणतात, आणि ते कुठेतरी धुऱ्यावर पडले असतील, आणि दोष माझा, हे एवढंच डोक्यात होतं. मी हाका मारत होते. नाल्याच्या अलीकडून आवाज आला, "हळू. हळू ये. समोर आहे थे."

मामाजी मोरीच्या, म्हणजे वाटेतल्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसले होते. पाय वर घेतलेले, काठी मांडीवर आडवी. ऊन डोक्यावर होतं, सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि ओठ सुकले होते. त्यांच्यापासून चार हातांवर, वाटेत आडवं, काळं, लांब, उन्हात चकाकणारं असं काहीतरी पडलं होतं. एक टोक गवतात होतं.

"दोन तास झाले असन," ते हळू आवाजात म्हणाले. "हलून नाई राह्यलं. मी बी हललो नाई. सांग. काय आहे थे?"

तो ठिबकचा पाईप होता. कोणाच्या तरी शेतातून पुराच्या पाण्याने तुटून आला होता.

मला आधी हसू फुटलं आणि मी पदराने तोंड दाबलं. तीस वर्षं याच वाटांवर सापांच्या सोबतीने चाललेला माणूस दोन तास भर उन्हात, पाय वर घेऊन, प्लास्टिकच्या नळीपुढे श्वास रोखून बसला होता. ते त्याला कसं सांगायचं? मला सांगवलं नाही.

"धामण आहे मामाजी," मी म्हणाले. "मोठी आहे. थांबा हं." मी हळूच पुढे झाले आणि पायाने पाईप गवतात सरकवला. सळसळ झाली. "गेली. सावकाश गेली पलीकडे."

 मामाजी मान तिरपी करून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "धामण दोन तास एका जागी पडून राह्यते का?"

मी गवतातला पाय मागे घेतला.

"अन् माणूस जवळ आल्यावर सावकाश जाते? थे तर पाह्यता पाह्यता पळते. मीच सांगतलं ना तुले?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "काय होतं थे, मास्तरीणबाई?"

"पाईप," मी म्हणाले. "ठिबकचा."

ते हसतील असं मला वाटलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं, आणि तो बराच वेळ तोंडावरच धरून ठेवला. मी शेजारी बसले.  मग दुपट्ट्याआडून ते म्हणाले, "पाईपाले भेलो त्याचं काही नाई. माणूस भेते. पण तू आज मले पहिल्यांदा खोटं सांगतलं."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"हो ना. तुले दया आली मायी." त्यांनी दुपट्टा खाली घेतला. "आतापावतर तू जे दिसलं थेच सांगत होती, म्हणून मी पाय टाकत होतो. आता मले काय मालूम, उद्या तू काय सांगशीन? मंग मी कोणाच्या भरोशावर चालू?"

मी रडले. लपवायचं काही कारण नव्हतं, आणि लपवलं असतं तरी त्यांना ऐकू आलंच असतं. मी रडत होते तोवर ते बसून राहिले. मग काठीचं एक टोक त्यांनी माझ्याकडे केलं. "चाल. तुया नवऱ्याले सांग, डॉक्टरची तारीख घे म्हणा."

निंबापाशी आल्यावर मी सवयीने बाजूला झाले, त्यांनी पुढे व्हावं म्हणून. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी काठी काखेत मारली आणि हात पुढे करून माझा खांदा चाचपडला. बारा वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. आशीर्वाद देतानाही हात डोक्यापासून वीतभर वर असायचा. "चाल समोर," ते म्हणाले. मी एका पायात चप्पल, एक पाय उघडा, साडी चिखलाने भरलेली, अशी गावातून पुढे चालले आणि माझे सासरे माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबली. एकाने विचारलं, "काका, काय झालं?"

"डोळे गेले मायावाले," मामाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सून घेऊन चालली घरी."

वर्ध्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याचं. दोन्ही नीट झाली. पट्टी निघाल्यावर ते माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "तुये केस पिकले वो. केव्हा पिकले?" सासूबाई म्हणाल्या, आमचे पिकले थे नाई दिसले का? खोलीत सगळे हसले.

पुढच्या पावसाळ्यातली पहिली झड उघडली तेव्हा आम्ही परत निघालो. ते पुढे, मी चार पावलं मागे. निंब ओलांडला तरी तसेच, कारण आता बदलायची गरज नव्हती. तीस-चाळीस पावलांवरून त्यांना बोरीच्या फांदीवर तस्कर जातीचा साप दिसला. मला तो दिसलाही नव्हता. ते काठीने दाखवत होते, अंगावरचा रंग कसा आहे, पट्टे कुठून सुरू होतात, सगळं स्वतःच सांगत होते, आणि त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. मी हो मामाजी, हो मामाजी म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पाण्याची बाटली धरण्यापलीकडे मला काम नव्हतं.

ते नंतर तीन पावसाळे चालले, असेच, नजर लख्ख ठेवून. आता त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. उघाड पडली की मी अजूनही पांदणीनं जाते, एकटीच, आणि कधीकधी दिसेल ते मोठ्याने सांगत चालते. त्यांना दिसायला लागलं याचा मला खरा आनंद झाला होता, त्यात खोट नव्हती. पण मला आठवतो तो त्यांना दिसत नव्हतं तो पावसाळा. असं आठवणं बरं नाही हे मला कळतं. तरी आठवतो तोच.